पाठीशी इंजिन

मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. तो माझ्या नाकापाशी येतो, पुढचे झाकण उघडायला लावतो आणि आत वाकून बघतो. आत असतो एक लहानसा खळगा. त्यात कशीबशी एक बॅग मावते, दुसरी आणली तर मांडीवर घेऊन बसावे लागते. माणूस गोंधळून विचारतो, "मग इंजिन कुठंय?"

मित्रांनो, माझे इंजिन माझ्या पाठीशी आहे. बसणाऱ्यांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे जवळजवळ माझ्या पोटातच म्हणा ना. मी दोन आसनांची, छत उघडणारी, शर्यतीच्या घराण्यातली एक मोटार आहे. आता जुनी झाले. माझा निळा रंग एका बाजूला किंचित वेगळा दिसतो, त्याचे कारण पुढे येईलच. तरीही चौकात थांबले की शेजारच्या बसमधली माणसे काचेला नाक लावून माझ्याकडे बघत राहतात. त्यांना माझ्यात एवढे काय दिसते, याचे मला जन्मापासून कुतूहल आहे.

माझा जन्म एका लांबलचक, लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. तिथे ठोकाठोक फारशी नसे. इंजिन वरून साखळीने खाली आले तेव्हा दोन कामगारांनी त्याला दोन्हीकडून हात दिला. "हळू रे, झोपलेलं मूल ठेवतोस असं समज," एक जण म्हणाला. ते जागेवर बसले आणि मला पहिल्यांदाच माझ्या मध्यभागी वजन जाणवले. मग छत बसवणारी एक कारागीर आली. तिने माझे कापडी छत उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि प्रत्येक वेळी कान लावून ऐकले. कुठेतरी एक घडी घासत होती. घडी घासायची थांबली तेव्हाच ती जेवायला गेली.

मला धावायला शिकवले ते चाचणीवाल्या बाईंनी. त्या मध्यम वयाच्या होत्या. केस घट्ट बांधलेले आणि गालात कायम आल्याची एक गोळी. सरळ रस्ता येताच त्यांनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. माझ्या कुशीतल्या झडपांमधून वारा आत घुसला, पाठीमागे गर्जना उठली, आणि झाडे, खांब, कुंपण सगळे एकमेकांत मिसळून एकच रेघ झाले. मग वळण आले. मला वाटले, आता काही खरे नाही. बाईंनी चाक जरासे फिरवले मात्र, आणि मी वळले होतेसुद्धा! नाक आधी आणि शेपटी मागाहून असे काही झालेच नाही. सगळी मी एकदम वळले. मला स्वतःचेच नवल वाटले.

परत आल्यावर बाईंनी इंजिनिअरला सांगितले, "वळायचं मनात आणलं की वळते ही. पण नवख्या माणसाने वळणात दचकून पाय उचलला, तर हिची पाठ पुढे येईल."

"ते माहितीपुस्तकात छापलंय आपण," इंजिनिअर म्हणाला.

"ते कोण वाचतं?" बाई म्हणाल्या आणि गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

पुढे मी एका काचेच्या दालनात उभी राहिले. तिथे येणारे बहुतेक लोक माझा वेग विचारत. किती जोरात जाते, शून्यापासून शंभरावर किती चटकन पोहोचते, वगैरे. विक्रेता ते सगळे पाठ म्हणून दाखवी. एक गृहस्थ मात्र निराळे निघाले. बारीक अंगाचे, नखे अगदी स्वच्छ कापलेले. ते दोन-तीनदा येऊन नुसते बघून गेले होते. त्यांनी विचारले, "छत उघडायला किती वेळ लागतो?"

"सिग्नल हिरवा होईपर्यंत उघडतं, सर."

ते आत बसले, बटण दाबले, छत मागे दुमडून गेले. वर आकाश नव्हते, दालनाचे दिवे होते. तरी ते मान मागे टाकून बघत राहिले आणि लहान मुलासारखे हसले. ते दातांचे डॉक्टर होते, हे मला नंतर कळले. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाला कधीतरी वर बघायचे होते.

घरी आले तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने माझ्याभोवती एक फेरी मारली. त्या पोहण्याच्या तलावावर मुलांना उंचावरून सूर मारायला शिकवत. तलावावरची मुले त्यांना मॅडम म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी आत डोकावून विचारले, "दोनच जागा? आपण तिघं आहोत, माहितीय ना तुला?"

"आळीपाळीने नेईन," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे ही गाडी नाही, जत्रेतला पाळणा आहे!"

त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. घरात तिला बबडी म्हणत. तिने आईची वाट न बघता दुसऱ्या आसनावर उडी मारली, मागच्या काचेला कान लावला आणि विचारले, "बाबा, ही पाठीने श्वास घेते का?"

माझ्याबद्दल इतका सुंदर प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता.

ती वर्षे फार सुखाची गेली. मॅडम तलावावरून ओल्या केसांनी येत आणि म्हणत, "छत उघडं ठेव, घरी पोहोचेपर्यंत वाळतील." वाळत तर नसतच, उलट झाडूसारखे उभे राहत. गतिरोधक आला की माझे पोट खाली घासे आणि डॉक्टर "आई गं!" म्हणून स्वतःचाच गाल धरत. मला वाटे, लोकांना माझ्यात काय हवे असते ते आता थोडे कळू लागले आहे. वेग त्यांना घटकाभरच हवा असतो. पण वारा अंगावर येतो, पाठीशी काहीतरी जिवंत धडधडते आणि शेजारचे माणूस ओरडून बोलते, हे त्यांना पुन्हा पुन्हा हवे असते.

मग तो टेकडीचा दिवस आला.

डॉक्टर आणि बबडी टेकडीपलीकडच्या गावाहून परतत होते. नुकतीच सर पडून गेली होती, रस्त्यावर ओला पाला होता. ऊन आले म्हणून डॉक्टरांनी छत उघडले. बबडी म्हणाली, "बाबा, जरा जोरात ना!" डॉक्टरांनी पाय दाबला. फार नाही, जरासाच. पण पुढचे वळण दिसले त्यापेक्षा तीव्र निघाले. डॉक्टर दचकले आणि त्यांनी पाय उचलला.

माझे सगळे वजन पुढे झुकले. मागची चाके हलकी झाली आणि रस्ता त्यांच्या हातून सुटला. माझी पाठ पुढे आली. मी गरगर फिरले आणि उजव्या कुशीने दरडीवर आपटले.

बबडीच्या गळ्याजवळचे हाड मोडले. पट्टा बांधून ती घरी बसली, मैत्रिणींनी त्या पट्ट्यावर चित्रे काढली, आणि हाड जुळल्यावर ती पुन्हा शाळेत जाऊ लागली. माझी उजवी कूसही रंगाऱ्याने नवी करून दिली. निळा रंग थोडा वेगळा आला, एवढेच. डॉक्टरांचे मात्र काहीच जुळले नाही. त्यांनी मला गॅरेजमध्ये लावले, वर आच्छादन घातले आणि गाडी चालवणेच सोडले. मलाच नव्हे, कोणतीच गाडी ते चालवेनात. ते बसने दवाखान्यात जाऊ लागले. मॅडमच्या छोट्या गाडीत बसलेच तर वरची कडी दोन्ही हातांनी धरत आणि वळण आले की डोळे मिटत.

मित्रांनो, आच्छादनाखाली वर्षे कशी जातात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आधी बॅटरी गेली. मग टायरांतली हवा हळूहळू निघून गेली आणि मी खाली बसले. माझ्यावर आणि आजूबाजूला घरातल्या नको झालेल्या वस्तू येऊन पडू लागल्या. मोडका पंखा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, व्यायामाची सायकल, दवाखान्यातले जुने फिरते स्टूल. एका उंदरिणीने माझ्या इंजिनावर घर केले आणि बबडीच्या हरवलेल्या मोज्यांचे तुकडे आणून गादी घातली. मला तिचा राग आला नाही. त्या अंधारात निदान कोणीतरी हलत होते. छताच्या कापडाला बुरशी आली तेव्हा मात्र वाईट वाटले. घडी घासू नये म्हणून कान लावून बसलेली ती कारागीर मला आठवली.

आच्छादनातून आवाज तेवढे येत. बबडीचा आवाज बदलत गेला. जिन्यावरची तिची पावले जड झाली, मग पुन्हा हलकी झाली. एक दिवस कळले की तिला दूरच्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला आहे आणि ती घर सोडून जाणार आहे. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला विकायचे ठरवले.

एक ग्राहक आला. त्याने आच्छादन वर केले, माझ्या उजव्या कुशीवरून बोट फिरवले आणि विचारले, "अपघात झालाय वाटतं?"

"हो."

"गाडीत काही दोष?"

"गाडीत काही नाही," डॉक्टर म्हणाले. "दोष चालवणाऱ्याचा."

मॅडम दारात उभ्या होत्या. ग्राहक विचार करून सांगतो म्हणून गेला, तरी त्या तिथेच राहिल्या. मग त्यांनी विचारले, "मला एक सांग. ती फिरली कशी?"

"कशी म्हणजे? फिरली."

"नाही, पण कशी? मी रोज मुलांना हवेत गिरक्या घ्यायला शिकवते आणि माझ्याच घरातल्या गिरकीबद्दल मी कधी विचारलं नाही. तुला त्रास होईल म्हणून. आता विचारते."

डॉक्टर व्यायामाच्या सायकलवर टेकले. मग त्यांनी सांगितले. पाला, वळण, उचललेला पाय. मॅडमनी मध्ये एकदाही "अरे देवा" म्हटले नाही. सूर चुकलेल्या मुलाचे ऐकावे तसे त्यांनी डोळे बारीक करून ऐकले. मग माझ्या पाठीवरचे झाकण उघडले आणि इंजिन कुठे आहे ते बघितले.

"थांब हं," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातले ते फिरते स्टूल त्यांनी ओढले, त्यावर बसल्या आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक बाटली घेऊन हात लांब पसरले. "मला फिरव."

"अगं, काय चाललंय काय?"

"फिरव रे."

डॉक्टरांनी फिरवले. मॅडम संथ फिरू लागल्या. मग त्यांनी बाटल्या छातीशी ओढल्या आणि भोवऱ्यासारख्या गरगरल्या. स्टूल करकरले. थांबल्यावर त्या मोडक्या पंख्याला धरून उभ्या राहिल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "बघितलंस? वजन मध्याशी आलं की फिरणं सोपं होतं. मुलं हवेत गुडघे पोटाशी घेतात ते त्यासाठीच. हिचं इंजिन मध्यात आहे. म्हणून ही इतकी सुरेख वळते. आणि म्हणूनच एकदा सुटली की इतकी चटकन फिरते. तोच गुण आहे तिचा, तोच. चालवणारा घाबरलाय, हे तिला कळत नाही."

त्या दिवशी डॉक्टरांनी जाताना माझ्यावर आच्छादन घातले नाही.

मॅडमनी मिस्त्रीला बोलावले. उंदरिणीला तिच्या गादीसकट बागेत हलवले, तारा बदलल्या, नवे टायर आले. इंजिन आधी खोकले, शिंकले, आणि मग असे गरजले की शेजारच्या घरातले भांडे पडल्याचा आवाज आला. गावाबाहेर विमानांची एक जुनी धावपट्टी होती. आता तिथे विमाने उतरत नसत, वाहन शिकवणारी एक संस्था तिथे सराव घेई. मॅडमनी संस्थेच्या प्रशिक्षकाला गाठले. तो प्रशस्त पोटाचा आणि शांत स्वभावाचा माणूस होता. त्याने टँकरने पट्टीचा एक गोल भाग ओला करून दिला आणि म्हणाला, "इथे आपटायला काही नाही. खुशाल फिरा."

आणि मॅडम फिरल्या! मुद्दाम वळणात पाय उचलायचा, मला सुटू द्यायचे, गिरकी पुरी होऊ द्यायची, थांबायचे, आणि पुन्हा तेच करायचे. पुढच्या काही रविवारी आमचा हाच कार्यक्रम होता. हळूहळू त्यांच्या हातांना कळू लागले, की मी सुटण्याआधी एक क्षण कुजबुजते. मागचे टायर बारीक आवाज करतात, आसन किंचित हलते. तेव्हा पाय उचलायचा नाही. सुटलेच, तर जिकडे पाठ चालली तिकडे चाक वळवायचे आणि मला सरळ व्हायला जागा द्यायची.

घरी डॉक्टर म्हणत, "तुला वेड लागलंय." आणि मॅडम म्हणत, "हो. ये बघायला."

ते आले नाहीत. बबडीचे जाणे जवळ आले तरी आले नाहीत. शेवटी एका सकाळी बबडीच गॅरेजमध्ये त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, मी चालले ना, तरी तुझ्या डोक्यात मी अजून या गाडीतच बसलेली असणार. दरडीकडे तोंड करून. माझं हाड जुळून किती वर्षं झाली. मला आता उतरव ना तिथून."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग ते माझ्या दुसऱ्या आसनावर येऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बबडी प्रशिक्षकाच्या गाडीतून आमच्या मागे आली.

ओल्या पट्टीवर पोहोचल्यावर मॅडमनी छत उघडले. "आता मी मुद्दाम पाय उचलणार आहे. सांगून करते. तू फक्त बघ."

मी सुटले. आकाश, कुंपण, टँकर, बबडी, पुन्हा आकाश. थांबले. ओल्या जमिनीतून वाफ येत होती.

"काय बघितलंस?" मॅडमनी विचारले.

"डोळे मिटले होते."

"मग पुन्हा. आम्ही मुलांना आधी पाण्यात पडायलाच शिकवतो. पाठीवर, पोटावर, कसंही. सूर नंतर."

दुसऱ्या गिरकीला डॉक्टरांनी डोळे उघडे ठेवले. त्यांचा हात वरची कडी शोधत होता, पण छतच उघडे असल्याने कडी नव्हती. तो हात हवेत तसाच राहिला. मी थांबले. डॉक्टरांनी आजूबाजूला बघितले.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"मला ते तासभर चालल्यासारखं वाटलं होतं."

मॅडम उतरल्या आणि वळसा घालून त्यांच्या बाजूला आल्या. डॉक्टर सरकून माझ्या चाकामागे बसले. पहिल्या फेरीत ते इतके हळू गेले की प्रशिक्षक जांभई देताना दिसला. दुसऱ्या फेरीत त्यांनी वेग वाढवला, वळणात दचकले आणि पाय उचलला. मी फिरले. थांबल्यावर ते दोन मिनिटे चाकावर डोके टेकवून बसले. मॅडमनी त्यांना हात लावला नाही, मी इंजिनाचा आवाज केला नाही.

मग ते पुन्हा निघाले. वळण आले. मी मागच्या टायरांनी कुजबुजले. मित्रांनो, मी तेव्हा जितक्या स्पष्टपणे बोलले तितके आयुष्यात कधी बोलले नव्हते. डॉक्टरांनी ऐकले. त्यांचा पाय जागेवरच राहिला. माझी पाठ थोडी बाहेर गेली, त्यांनी चाक तिकडे वळवले, आणि मी अलगद सरळ झाले.

"अरे!" डॉक्टर म्हणाले. ज्या दाताला लोक घाबरतात तो सहज निघून हातात यावा, तसा तो आवाज होता.

ते थेट बबडीपाशी गेले आणि थांबले. मॅडम उतरल्या. डॉक्टरांनी शेजारच्या आसनावर थाप मारली. बबडीने पट्टा लावला. तिचे गुडघे आता पुढे टेकत होते, ती एवढी उंच झाली होती. डॉक्टरांनी तिला घेऊन त्याच ओल्या वळणावरून फेरी मारली, वेड्यासारखी वेगात नाही आणि रांगतही नाही. जिथे मी कुजबुजले तिथे त्यांनी ऐकले. ती फेरी संपल्यावर बबडी म्हणाली, "अजून एक," आणि डॉक्टर म्हणाले, "दोन."

ग्राहकाचा फोन आला तेव्हा मॅडमनी त्याला सांगितले, "गाडी आता घरात लागते आहे."

बबडी गेली त्या सकाळी तिची सगळ्यात लहान बॅग माझ्या पुढच्या खळग्यात होती. बाकीचे सामान मॅडमच्या गाडीतून मागून आले. स्टेशनवर गळाभेट झाली, सूचना झाल्या, "पोहोचलीस की कळव" असे दोघांनी वेगवेगळे आणि एकत्रही सांगून झाले. आगगाडी सुटली. परतताना नाक्यावर मॅडमची गाडी घराकडे वळली. डॉक्टर मात्र थांबले. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न वाजवला. डॉक्टरांनी माझे चाक टेकडीच्या रस्त्याकडे वळवले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याकडे एखादी वस्तू असेल, जिने तुम्हाला एकदा घाबरवले, तर तिच्यावर आच्छादन घालून मोकळे होऊ नका. आच्छादनाखाली वस्तू गंजते आणि भीती मात्र जशीच्या तशी राहते. तिला उघडा, पुसा, तिच्या पाठीशी काय आहे ते बघा. आणि हे असे झालेच कसे, हे कुणाला तरी विचारा. वस्तूला विचारा, आपल्या माणसालाही विचारा. मी इतकी वर्षे तोच एक प्रश्न ऐकण्यासाठी अंधारात थांबले होते.

टेकडीच्या पायथ्याशी डॉक्टर थांबले. वर चढत गेलेले वळण त्यांनी निरखून पाहिले. मग छताचे बटण दाबले, मान मागे टाकून स्वच्छ आकाश बघितले आणि मला म्हणाले, "चल. काय म्हणतेस ते ऐकू या."